हवा नेमकी कुठून जाते? ट्रॅक्टरचे इंजिन उघडण्याआधी लीक-डाउन चाचणी

मलप्रभाकाठ (धागाकर्ता, खानापूर तालुका)

नमस्कार. माझ्याकडे तीन सिलिंडरचा, साधारण 2,050 सी.सी.चा, थेट इंजेक्शनचा डिझेल ट्रॅक्टर आहे. गेल्या हिवाळ्यापासून तो सकाळी लवकर सुरू होत नाही. सुरू झाल्यावर पहिली पाच-सहा मिनिटे एक सिलिंडर मेल्यासारखा थरथरतो, पांढरट धूर टाकतो आणि रोटाव्हेटर लावला की पूर्वीसारखा लोड घेत नाही. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून वाफही येते. जवळच्या एका गॅरेजमध्ये कंप्रेशन मोजून घेतले, तेव्हा पहिल्या सिलिंडरला 26 किलो (दर चौरस सेंटीमीटरला), दुसऱ्याला 25 आणि तिसऱ्याला केवळ 18 किलो मिळाले. नंतर त्यांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजले, तर आकडा 22 वर गेला. ऑइल टाकल्यावर कंप्रेशन वाढले म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, तेव्हा तिन्ही लायनर (सिलिंडरचे बदलता येणारे अस्तर) आणि पिस्टन यांचा संच बदलून पूर्ण इंजिन बांधावे लागेल, असा निर्णय त्यांनी दिला.

मला हा निर्णय पटत नाही, पण नाकारण्यासाठी माझ्याकडे पुरावाही नाही. मृग तोंडावर आला आहे, चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उभा राहिला तर रोपलावण अडेल. सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कुठून गळते हे ऐकण्याची लीक-डाउन नावाची चाचणी असते, असे ऐकले आहे. आपल्या भागात ती कोणी केली आहे का? साधन घरी बनवता येते का? खर्च करायला माझी ना नाही, पण जे बिघडले आहे त्यावरच तो व्हावा, एवढीच इच्छा आहे.

निपाणी फिटर

मी चाळीस वर्षे डिझेल इंजिने बांधत आहे. कंप्रेशन गेज, धुराचा रंग आणि ब्रीदरला लावलेला तळहात या तीन गोष्टींवर मी आजवर काम केले आणि ते वाया गेले नाही, म्हणून आपल्या गॅरेजवाल्यांना मी एकदम दोष देणार नाही. मात्र त्यांच्या एका गोष्टीला माझा स्पष्ट विरोध आहे. चमचाभर ऑइल टाकून कंप्रेशन तपासण्याची पद्धत पेट्रोल इंजिनासाठी चांगली आहे, थेट इंजेक्शनच्या डिझेलला ती तशीच लावता येत नाही. पिस्टन टॉपला असताना वर जी जागा उरते ती डिझेलमध्ये फार थोडी असते आणि ऑइल त्यातलीच जागा खाते. रिंगा अगदी नव्या असल्या तरी आकडा वाढणारच. आपण पहिल्या, म्हणजे चांगल्या सिलिंडरमध्येही तेवढेच ऑइल टाकून मोजले होते का?

उद्यमबाग खराद (बेळगाव)

निपाणीच्या काकांचा मुद्दा आकड्यांत मांडतो, कारण तो या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. आपल्या वर्णनावरून बोअर (सिलिंडरचा व्यास) सुमारे 89 मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 110 मि.मी. असावा. म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे 683 सी.सी. झाले. कंप्रेशनचे प्रमाण 17 धरले, तर पिस्टन टॉपला असताना वर उरणारी जागा जेमतेम 43 सी.सी. भरते. त्यात दोन चमचे, म्हणजे 10 सी.सी. ऑइल पडले की 33 उरतात आणि कंप्रेशनचे प्रमाण 17 वरून जवळजवळ 22 वर जाते. त्यामुळे 18 चे 22 किलो होणे हा रिंगांविरुद्धचा पुरावा ठरत नाही. याहून जास्त ऑइल कोणीही टाकू नये, कारण द्रव दाबला जात नाही आणि स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

आता साधनाबद्दल. हवेचा दाब स्थिर ठेवणारा एक रेग्युलेटर, त्यापुढे पहिला गेज, त्यापुढे मापाचे एक बारीक छिद्र, मग दुसरा गेज आणि शेवटी सिलिंडरकडे जाणारी नळी, एवढीच त्याची रचना आहे. पहिल्या गेजवर 100 पीएसआय, म्हणजे सुमारे 7 किलो ठेवायचे. सिलिंडर काहीच गळत नसेल तर दुसरा गेजही 100 दाखवतो. हवा जितकी गळेल तितका दुसरा गेज खाली येतो. पहिला 100 वर ठेवल्याचा फायदा असा, की दुसऱ्यावर 85 दिसले की गळती 15 टक्के, हे हिशेब न करता कळते. पितळेच्या तुकड्यात 1 मि.मी.चे छिद्र मी पाडून देईन. डिझेल फवारणारा नोझल काढल्यावर त्या जागी बसवण्यासाठी आपल्याच इंजिनाच्या जुन्या, निकामी नोझल होल्डरचे पोट पोकळ करून त्याला हवेच्या नळीचे तोंड जोडावे लागेल. तो होल्डर घेऊन या, एका दुपारचे काम आहे. खाली तांब्याचा वॉशर मात्र नवाच घाला, कारण तिथूनच हवा गेली तर संपूर्ण मोजणी खोटी पडेल.

सांबरा निवृत्त

मी हवाई दलात तंत्रज्ञ होतो. सांबऱ्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूलमधून सुरुवात केली आणि आता निवृत्तीनंतर याच परिसरात राहतो. पिस्टनवर चालणाऱ्या विमान इंजिनांत ही चाचणी नित्याची आहे, तिथे तिला डिफरेन्शियल प्रेशर टेस्ट म्हणतात. दाब 80 पीएसआय ठेवतात आणि 1,000 घनइंचांपेक्षा लहान इंजिनासाठी छिद्र 0.040 इंच, म्हणजे जवळजवळ 1 मि.मी. असते. नोंद 72/80 किंवा 68/80 अशी (आधी दुसऱ्या गेजचा आकडा, मग पहिल्याचा) लिहितात आणि 60/80 हा पूर्वापार चालत आलेला किमान आकडा आहे.

पण आमच्या क्षेत्राने जो धडा सावकाश शिकला तो इथे सांगणे मला आवश्यक वाटते. एकाच इंजिनाचे आकडे दोन वेगवेगळ्या साधनांवर वेगळे येतात. म्हणून विमानाची इंजिने बनवणाऱ्या कॉन्टिनेंटल कंपनीने 2003 सालच्या आपल्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये मास्टर ऑरिफिस वापरण्यास सांगितले. ठरावीक, माहीत असलेली गळती आधी आपल्या साधनाला जोडायची, त्या दिवशी ते साधन काय आकडा दाखवते ते पाहायचे आणि त्याच आकड्याला त्या दिवसाची मर्यादा मानायची. त्याच पद्धतीत दुसरा भेदही केला आहे, जो ट्रॅक्टरलाही तितकाच लागू पडतो. व्हॉल्व्ह आणि सीट हे न हलणारे बूच आहे, तिथून हवा जाणे मुळीच मान्य नाही. रिंगा हे सरकणारे बूच आहे, तिथून थोडी हवा जाणारच. म्हणजे गळतीचा आकडा लहान असला तरी ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून सायलेन्सरमधून येत असेल तर काळजी करावी, आणि आकडा त्याच्या दुप्पट असूनही ती रिंगांवरून ब्रीदरमधून येत असेल तर धीर धरावा.

उद्यमबाग खराद (बेळगाव)

साहेबांच्या मुद्द्याला पूरक एक हिशेब काल रात्री केला. समजा, सिलिंडरची सगळी गळती मिळून 1 मि.मी.च्या एका भोकाएवढी आहे. साधनात 1 मि.मी.चे छिद्र असेल तर 100 पीएसआयवर दुसरा गेज सुमारे 78 दाखवेल, म्हणजे 22 टक्के गळती. तेच इंजिन 1.5 मि.मी.चे छिद्र असलेल्या साधनाला जोडले, तर दुसरा गेज 95 च्या आसपास राहील, म्हणजे गळती केवळ 5 टक्के. इंजिन तेच, गळती तीच, पण एका साधनाने ते चिंताजनक ठरते आणि दुसऱ्याने जवळजवळ नवे. छिद्राची लांबी आणि त्याच्या तोंडाची उतरंड यांमुळे आणखी थोडा फरक पडतो. म्हणून कोणी केवळ टक्केवारी सांगून इंजिन विकत असेल वा उघडायला सांगत असेल, तर छिद्राचे माप आधी विचारावे. 1 मि.मी.च्या साधनावर 10 टक्क्यांच्या आत उत्तम, 20 पर्यंत वापरलेल्या इंजिनाला ठीक आणि 30 च्या वर उघडण्याजोगे, असा ढोबळ अंदाज मी धरतो. तरीही एकाच इंजिनाच्या सिलिंडरांमधला आपापसातला फरक मला त्याहून अधिक विश्वासार्ह वाटतो.

साधनासोबत 1 मि.मी.चे भोक पाडलेले एक टोपणही देईन. दर वेळी आधी ते लावून पाहा आणि 78 च्या जवळ आकडा येतो याची खात्री करा.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बेळगावला जाऊन साधन करून आणले. टोपण लावल्यावर दुसरा गेज 77 दाखवतो. पहिल्या सिलिंडरमध्येही दोन चमचे ऑइल टाकून कंप्रेशन पाहिले, तर 26 चे 31 झाले. म्हणजे काकांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

काल लीक-डाउनचा पहिला प्रयत्न केला. इंजिन गरम करून बंद केले, तिन्ही नोझल काढले, फ्लायव्हीलच्या खुणेवरून पहिला पिस्टन टॉपला आणला, दोन्ही रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना) खेळ असल्याचे पाहिले आणि हवा दिली. गळती 14 टक्के आली. मग उत्सुकतेपोटी दुसरा सोडून थेट तिसऱ्याकडे वळलो. क्रँक 120 अंश फिरवताच तिसरा पिस्टन वर आला, नोझलच्या भोकातून तार घालून तशी खात्रीही केली. पण हवा देताच दुसरा गेज 15 वर कोसळला आणि हवा एअर फिल्टरमधून व सायलेन्सरमधून अशी दोन्हीकडून सोसाट्याने निघाली. याचा अर्थ दोन्ही व्हॉल्व्ह गेले असा घ्यायचा का? तिथे दोन्ही रॉकर घट्ट होते, हे लिहून ठेवले आहे.

निपाणी फिटर

नाही. घाईने काही उघडू नका. आपण तिसरा सिलिंडर ओव्हरलॅपवर तपासला आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा कंप्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दुसऱ्यांदा जळालेला वायू बाहेर टाकून झाल्यावर, तेव्हा एक्झॉस्ट मिटत असतो, इनलेट उघडत असतो आणि दोन्ही थोडे थोडे उघडे राहतात. आपल्या इंजिनाचा फायरिंग क्रम 1-2-3 असेल तर पहिल्यापासून 240 अंशांवर दुसरा आणि 480 अंशांवर तिसरा कंप्रेशनच्या टॉपला येतो. आपण 120 वर थांबलात, म्हणजे नेमके एक फेरी आधी. तिथून क्रँकची पूर्ण एक फेरी पुढे फिरवा आणि मगच हवा द्या. तार घालून पिस्टन वर आहे एवढेच कळते, कोणत्या कामासाठी वर आला आहे ते तार सांगत नाही. ते फक्त रॉकर सांगतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. क्रँकच्या नटवर पाना किंवा टॉमी तशीच ठेवून हवा देऊ नका. 89 मि.मी.च्या पिस्टनवर 7 किलोचा दाब म्हणजे सव्वाचारशे किलोंपेक्षा जास्त जोर होतो. पिस्टन टॉपपासून थोडा जरी इकडेतिकडे असला तर क्रँक झटक्याने फिरतो आणि पाना हातावर किंवा तोंडावर येतो. माझ्या एका शागिर्दाचे मनगट याच प्रकारे मोडले होते. आधी ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक लॉक करा, पाना काढून बाजूला ठेवा, पंख्यासमोरून दूर व्हा आणि रेग्युलेटर शून्यापासून हळूहळू उघडा. क्रँक सरकू लागला तर हवा सोडून पिस्टन पुन्हा जुळवा. इंजिनाची स्टॉप केबलही ओढून ठेवावी.

चोर्ला घाट

माझा अनुभव कारचा आहे. गोव्याहून चढून येताना घाटात पाणी संपले आणि इंजिन तापले. दुरुस्तीनंतरही आठ-दहा दिवसांनी रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले. चार सिलिंडरच्या त्या पेट्रोल इंजिनात पहिला आणि चौथा ठीक होते. दुसऱ्याला हवा दिली की तिसऱ्याच्या प्लगच्या भोकातून फुंकर येई, आणि तिसऱ्याला दिली की दुसऱ्यातून. दोन सिलिंडरांच्या मधली हेड गॅस्केटची पट्टी जळाली होती. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पत्ती) घातल्यावर ॲल्युमिनियमचे हेड मधोमध वाकल्याचेही दिसले. इतक्या नेमकेपणाने जागा सांगणारी दुसरी कोणतीही चाचणी माझ्या पाहण्यात नाही.

मात्र गॅस्केट गेले असताना हवा दिली की रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला हवेत, ते माझ्या इंजिनात आले नव्हते, पाणी तर कमी होतच होते. हे कसे?

सांबरा निवृत्त

चाचणीतला दाब 7 किलो असतो आणि इंजिन चालू असताना सिलिंडरमधला दाब त्याच्या कितीतरी पट होतो. त्यामुळे गरम झाल्यावर, लोडखाली उघडणारी बारीक फट थंड इंजिनात मिटलेली राहू शकते. बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडची चीर पक्की समजावी, पण आले नाहीत म्हणून दोन्ही निर्दोष ठरत नाहीत. रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण उघडे ठेवून, किमान पाच मिनिटे हवा चालू ठेवून पाहावे. झाकण उघडायचे ते इंजिन निवल्यावरच.

ओल्या लायनरच्या, म्हणजे लायनरला बाहेरून थेट पाणी लागते अशा, ट्रॅक्टरबाबत एक भर घालतो. पाण्याच्या बाजूने लायनरला खड्डे पडून आरपार भोक झाले असेल आणि ते खालच्या भागात असेल, तर पिस्टन टॉपला असताना हवा तिथपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी रॉकर शाफ्ट उतरवला की सगळे व्हॉल्व्ह आपोआप मिटतात, मग पिस्टन अगदी तळाला नेऊन हवा देता येते. लायनरच्या बुडाचे रबरी ओ-रिंग गळत असतील तर मात्र ही चाचणी काहीच सांगणार नाही. तिथे चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळातले, ऑइल दुधाळ झाले आहे का, तेच पाहावे लागते.

अथणीचा ऊस

या धाग्यामुळे मीही साधन मागवून माझा ट्रॅक्टर तपासला. हंगामभर दोन ट्रॉल्या ऊस कारखान्याला नेणारे इंजिन आहे. माझे तिन्ही आकडे 36, 39 आणि 37 आले. एअर फिल्टरकडे शांतता, सायलेन्सरकडे शांतता, आणि ऑइल भरण्याचे झाकण काढले की तिथून वारा, म्हणजे गळती रिंगांवरूनच. इनलेटची रबरी नळी काढल्यावर तिच्या खालच्या बाजूला, क्लिपजवळ, बोट जाईल एवढी चीर दिसली. म्हणजे फिल्टर कितीही स्वच्छ ठेवला तरी उसाच्या वाटेवरची धूळ फिल्टरनंतरच्या चिरेतून थेट सिलिंडरमध्ये जात होती. मी पूर्ण काम करण्याचेच ठरवले आहे. आपणा सर्वांना एवढेच विचारायचे आहे, की तिन्ही सिलिंडर सारखेच गळत असताना आणखी काही तपासण्यासारखे उरते का?

निपाणी फिटर

काम काढण्यापूर्वी इंजिन चांगले गरम करून एकदा पुन्हा मोजा. थंड इंजिनात पिस्टनची जागा सैल असते. रिंगांची तोंडे योगायोगाने एका रेषेत आली असतील तरीही आकडा वाईट येतो, ती इंजिन चालवल्यावर फिरतात. दोन्ही वेळा असाच आकडा आला तर लायनर-पिस्टन घालणे योग्यच आहे. धूळ खाल्लेल्या इंजिनाची पहिली रिंग कडेने पात्यासारखी झालेली सापडेल. नवे लायनर घालण्यापूर्वी ती रबरी नळी बदला. नाहीतर नवा संचही एका हंगामात त्याच अवस्थेला येईल. ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

दुसरा प्रयत्न आज सकाळी केला. काकांनी सांगितल्याप्रमाणे फेरी मोजून तिसरा पिस्टन कंप्रेशनच्या टॉपला आणला. आकडे असे आले: पहिला 14 टक्के, दुसरा 16, तिसरा 48. ब्रीदरची फुस्स तिन्ही वेळा जवळजवळ सारखीच होती. कानाला धरलेल्या रबरी नळीचे दुसरे टोक एअर फिल्टरच्या तोंडाशी नेले तेव्हा काही ऐकू आले नाही. तिसऱ्याच्या वेळी ते सायलेन्सरमध्ये घातले तेव्हा मात्र सायकलच्या ट्यूबचा वाल काढल्यासारखा एकसारखा आवाज आला.

एक गोंधळ अजून उरला आहे. तिसरा टॉपला असताना इनलेटच्या रॉकरला खेळ होता, पण एक्झॉस्टच्या रॉकरला मुळीच नव्हता. सर्वांत बारीक फीलर गेजही आत गेला नाही. म्हणून पुन्हा चुकीच्या टॉपवर आहे की काय, अशी शंका आली. फ्लायव्हीलवरून तीनदा तपासले, जागा बरोबर आहे. व्हॉल्व्हवर हलका हातोडा मारून कार्बन झाडतात, असे वाचले आहे. तसे करून पाहू का?

उद्यमबाग खराद (बेळगाव)

हातोडा मारू नका. विमानाच्या इंजिनात रॉकरवर मऊ हातोडीने टिचकी मारून व्हॉल्व्ह बसवण्याची रीत आहे, पण थेट इंजेक्शनच्या डिझेलमध्ये टॉपला पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांमधली जागा एखाद्या मि.मी.इतकीच असते. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला तर दांडा वाकेल. त्याऐवजी एक्झॉस्टचा टॅपेट (रॉकरचा खेळ ठरवणारा स्क्रू) ढिला करून रॉकरला मोकळा खेळ द्या आणि पुन्हा मोजा. गळती एकदम 15 वर आली तर व्हॉल्व्ह फक्त अधांतरी धरलेला होता, सेटिंगनेच काम भागेल. थोडीच कमी झाली तर कडा जळली आहे, हेड उतरवावे लागेल.

निपाणी फिटर

तो घट्ट रॉकर हाच आपल्या रोगाचा उगम आहे, गोंधळ नव्हे. टॅपेट खडखडू लागला की मालक गाडी घेऊन येतो, पण इथे उलटे घडते. व्हॉल्व्ह आणि सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये वर वर चढत जातो, तसतसा रॉकरचा खेळ कमी होतो आणि इंजिनाचा आवाज अधिकच मऊ होतो. शेवटी खेळ संपतो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटमार्फतच हेडला देतो. टेकणे थांबले की उष्णता जायला वाट राहत नाही, कडेतून जळता वायू निसटतो आणि कडा खाल्ली जाते. आपण शेवटचे टॅपेट सेटिंग कधी केले होते?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

प्रामाणिकपणे सांगायचे तर, ट्रॅक्टर घेतल्यापासून दोनदाच केले, आणि दुसऱ्यांदा करून पाच वर्षे झाली. आवाज येत नव्हता, म्हणून गरज आहे असे कधी वाटले नाही. टॅपेट ढिला करून पुन्हा मोजले, तेव्हा 48 चे 41 झाले. म्हणजे हेड उतरवावे लागणार.

सांबरा निवृत्त

हेड उतरले की लायनर पाहून घ्या, ती संधी सोडू नका. पहिली रिंग जिथून परत फिरते तिथे, म्हणजे अगदी वरच्या भागात, लायनर सर्वाधिक झिजतो. आपली चाचणी पिस्टन टॉपला ठेवूनच होत असल्याने 14-16 टक्के हा आकडा लायनरच्या सर्वांत वाईट जागेचा आहे. मधल्या भागात स्थिती याहून चांगली असणार. वरची कडा नखाला लागते का, होनिंगच्या (लायनर घासून तयार करताना पडलेल्या) तिरप्या रेघा दिसतात का, हे पाहून लिहा.

चोर्ला घाट

एक शंका. गळती सर्वत्र कमी असूनही इंजिन ऑइल खात असेल आणि निळा धूर टाकत असेल तर?

निपाणी फिटर

ते शक्य आहे, आणि नेहमी पाहण्यात येते. हवा अडवण्याचे काम वरच्या कंप्रेशन रिंगा करतात. ऑइल खरवडण्याचे काम खालची ऑइल रिंग करते, आणि तिचे हाल या चाचणीत दिसत नाहीत. व्हॉल्व्ह गाईड ढिले असले किंवा त्यावरची सील कडक झाली असली तरी ऑइल आत उतरते, गळती मात्र शून्य दिसते. तसेच कॅमचे नाक झिजून व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नसेल, टायमिंग सरकले असेल किंवा नोझल थेंब टाकत असेल, तर बंद व्हॉल्व्हवर केलेली चाचणी त्यातले काहीही सांगणार नाही. कंप्रेशन कमी आणि गळतीही कमी, असे दोन्ही आकडे एकत्र आले तर मी आधी व्हॉल्व्ह टायमिंग, कॅम आणि एअर फिल्टर यांच्याकडे वळतो. म्हणून दोन्ही मोजावे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही, आणि हे मी या धाग्यामुळे माझ्या वयाला नव्याने मान्य करतो आहे.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

हेड काल उतरवले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला करंगळीच्या नखाएवढा तुकडा वितळून गेला आहे आणि त्याच जागी सीटवर काळी पन्हळ पडली आहे. पहिल्या आणि दुसऱ्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्हही हेडच्या पातळीपासून आत गेले आहेत, पण कडा शाबूत आहेत. तिन्ही लायनरांत होनिंगच्या तिरप्या रेघा बऱ्याच उंचीपर्यंत दिसतात. वरची कडा नखाला अगदी किंचित लागते. बेळगावच्या मशीन शॉपमध्ये घड्याळासारख्या डायल गेजने मोजून घेतले, लायनर पुस्तकातल्या मर्यादेच्या आत आहेत. पिस्टन बाहेर काढले नाहीत.

तिन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, तिसऱ्याची सीट नवी, इतरांना सीट कटिंग आणि लॅपिंग, नवे हेड गॅस्केट आणि नोझलची तपासणी, एवढे काम ठरले आहे. ब्रीदरची नळी आतून चिखल आणि ऑइलने अर्धी बुजलेली सापडली, ती साफ केली. वाफ दिसत होती ती बरीचशी त्यामुळेच.

उद्यमबाग खराद (बेळगाव)

हेड बसवण्याआधी ते उलटे ठेवून प्रत्येक खोलगट भागात डिझेल ओता आणि तासभर तसेच राहू द्या. पोर्टमध्ये एक थेंबही उतरता कामा नये. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तकातल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळावेत. इंजिन गरम झाल्यावर टॅपेट पुन्हा तपासावेत आणि साधारण 50 तासांनी आणखी एकदा, कारण नवी सीट आणि नवा व्हॉल्व्ह सुरुवातीला थोडे बसतात.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

काम पूर्ण झाले. डिझेल ओतून पाहिले, पोर्ट कोरडे राहिले. चार तास चालवून, गरम असतानाच पुन्हा मोजले. टोपण लावल्यावर साधनाचा आकडा पूर्वीसारखाच 77. गळती पहिल्याला 13, दुसऱ्याला 14, तिसऱ्याला 15 टक्के. सायलेन्सरला नळी लावून तिन्ही वेळा ऐकले, आतून काहीही आवाज नाही. कंप्रेशन 26, 26 आणि 25 किलो. आज पहाटे दव असतानाही पहिल्याच स्टार्टरला सुरू झाला आणि तिन्ही सिलिंडर सुरुवातीपासून लागले.

हे सगळे आकडे, साधनातल्या छिद्राच्या मापासह, ट्रॅक्टरच्या वहीत लिहून ठेवले आहेत. साधन माझ्याकडेच आहे. खानापूर किंवा नंदगडच्या बाजूच्या कोणाला रोपलावणीपूर्वी आपले इंजिन तपासायचे असेल तर इथेच कळवावे. आपल्या इंजिनाचा जुना नोझल होल्डर आणि नवा तांब्याचा वॉशर सोबत आणावा लागेल, कारण माझा होल्डर प्रत्येक इंजिनाला बसेलच असे नाही.